स्टॅबिलायझर लांबवायचा, तारा काढायच्या, फिन उंच करायचा: घरी बांधलेल्या विमानाच्या शेपटीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्लॅनवरून स्वतः बांधलेलं दोन आसनी, लो-विंग (पंख खाली), टेलव्हील (तिसरं चाक शेपटीखाली) विमान. मागचा सांगाडा ४१३० स्टीलच्या नळ्यांचा, वर कापड, शेपटीला वरून-खालून ताणतारा. इंजिन मूळ प्लॅनमधल्यापेक्षा जड बसवलंय. एकटं उडताना, पूर्ण फ्लॅप (पंखांमागचे खाली वळणारे भाग) टाकून उतरायला गेलं की स्टिक पोटाला टेकते तरी नाक हवं तेवढं उचलत नाही. क्रूझमध्ये (सरळ, एकाच वेगाच्या उड्डाणात) शेपूट किंचित डावी-उजवीकडे हलत राहते. यावर ठरवलेला उपाय: आडवा स्टॅबिलायझर (शेपटीचा स्थिर आडवा भाग) आणि एलिव्हेटर (त्यामागचा हलणारा, नाक वर-खाली करणारा भाग) दोन्ही बाजूंना १५-१५ सेंमी लांबवायचे, तारा काढून स्पार (आतली मुख्य आडवी नळी) जाड करायचा, फिन (शेपटीचा उभा स्थिर भाग) उंच करायचा आणि दोन बाजूंच्या दोन छोट्या ट्रिम टॅबऐवजी (एलिव्हेटरच्या मागच्या कडेवरच्या, स्टिकवरचा जोर कमी करणाऱ्या पट्ट्यांऐवजी) एकाच बाजूला एक मोठी टॅब बसवायची. शेवटी विचारलंय, 'यात काही तुटण्याची भीती कितपत?'

आधी मत सांगून टाकतो. तारा काढू नका. ट्रिम टॅबचा बेत सोडून द्या. फिनला लगेच हात लावू नका. स्टॅबिलायझर लांबवता येईल, पण माझ्या अंदाजाने तशी वेळच येणार नाही. आणि 'तुटेल का' हा शेपटीच्या बाबतीत दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, ती पिळेल किती. मजबुती वेगळी, ताठपणा वेगळा. वाळूच्या पोत्यांखाली न मोडलेली शेपूट ताठपणात कमी पडली, किंवा तिचा तोल चुकला, तर हवेत फ्लटर (हवेच्या जोराने आपोआप वाढत जाणारी थरथर) होऊन काही सेकंदांत सुटी होऊ शकते. जाड पत्रा आणि मोठा बोल्ट लावून फ्लटर थांबतोच असं नाही, कधी कधी मागे वाढवलेल्या वजनामुळे तो आणखी कमी वेगाला सुरू होतो.

नाक उचलत नाही, यापासून सुरू करू. तुमच्याच वर्णनात उत्तर आहे: इंजिन जड झालंय. गुरुत्वमध्य पुढे सरकला, पूर्ण फ्लॅपने पंखाचा नाक खाली दाबणारा मोमेंट वाढवला, जमिनीजवळ आल्यावर शेपटीवरचा हवेचा प्रवाह बदलला, आणि या तिघांनी मिळून एलिव्हेटरची सगळी ताकद संपवली. शेपूट लहान आहे असं यावरून सिद्ध होत नाही. तुम्ही दिलेले आकडे घेऊ: पंख १२ चौ.मी., सरासरी कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) १.३ मी., शेपटी २ चौ.मी., पंखापासून शेपटीपर्यंतचं अंतर ३.९ मी. शेपटीचं क्षेत्रफळ गुणिले अंतर, भागिले पंखाचं क्षेत्रफळ गुणिले कॉर्ड, हे गुणोत्तर ०.५ येतं. घरी बांधलेल्या विमानांसाठी प्राथमिक आराखड्यात साधारण हाच आकडा धरतात. म्हणजे डिझाइन करणाऱ्याने शेपूट बेतूनच दिली होती. हिशेब बिघडला तो पुढच्या टोकाला, तेव्हा दुरुस्तीही आधी तिथेच शोधावी.

बॅटरी कुठे आहे? फायरवॉलवर (इंजिनामागच्या भिंतीवर) असेल, तर ती सामानाच्या कप्प्यामागे नेऊन बघा, कागदावर. ७ किलोची बॅटरी गुरुत्वमध्याच्या ०.९ मी. पुढून २ मी. मागे नेली, की ७ × २.९ म्हणजे २०.३ किलो-मीटरचा फरक पडतो. एकट्याने उडताना वजन ४८० किलो धरलं तर गुरुत्वमध्य ४२ मिमी मागे येतो. कापड न फाडता, वेल्डिंग न करता मिळालेले ४२ मिमी. मात्र दोघं बसलेले, सामान भरलेलं आणि टाकी रिकामी होत आलेली, अशा स्थितीत मागची मर्यादा ओलांडली जात नाही ना, हे त्याच बैठकीत तपासा. पुढची मर्यादा सांभाळायला मागची मोडली तर सौदा फार वाईट पडतो. बॅटरीची पेटी सांगाड्याच्या नळ्यांनाच बांधा, आपटल्यावर ती तुमच्या मानेवर येता कामा नये. केबल लांबली की स्टार्टरसाठी ती जाडही घ्यावी लागते, तिचंही वजन मोजा.

दुसरी तपासणी तर फुकटची आहे. विमान उभं असताना एलिव्हेटरचा वरचा कोन कोनमापकाने मोजा आणि प्लॅनशी ताडून बघा. मग स्टिक पूर्ण मागे धरून एकाला एलिव्हेटरची मागची कड खाली दाबायला सांगा, उतरताना हवा साधारण दाबेल तेवढी. स्टिक थांब्याला टेकलेली असूनही एलिव्हेटर खाली सरकला, तर तेवढा कोन हवेतही हरवतोय. दोषी बहुतेक वेळा केबलचा कमी ताण, पुलीचा वाकणारा कंस, नाहीतर एलिव्हेटरच्या हॉर्नच्या (केबल जिथे जोडतात त्या दांडीच्या) बोल्टातला प्ले, म्हणजे ढिलाई, असतो. असे हरवलेले चार-पाच अंश परत मिळाले तर शेपूट लांबवल्याइतकाच फरक उतरताना जाणवतो. त्यानंतर स्टॅबिलायझर आणि एलिव्हेटर यांच्यातली फट बंद करणारी पट्टी, आणि त्यानंतर स्टॅबिलायझरच्या खालच्या पृष्ठभागावर बिजागरीच्या थोडं पुढे व्होर्टेक्स जनरेटर (हवेचा प्रवाह पृष्ठभागाला चिकटवून ठेवणाऱ्या छोट्या पात्या). नाक उचलताना शेपटीची खालची बाजू ओढ निर्माण करत असते, म्हणून ते खाली. वर लावलेले मी पाहिलेत, दिसायला छान दिसतात. फटीची पट्टी पूर्ण कोनात कुठे अडकत नाही ना, हे प्रत्येक उड्डाणाआधी बघायची सवय ठेवा.

एवढं करूनही कमी पडलं, तर लांबवण्याचा विचार करू. १५-१५ सेंमीने क्षेत्रफळ साधारण १२ टक्के वाढतं. ढोबळ हिशेबाने तुमच्या विमानाचा न्यूट्रल पॉइंट (गुरुत्वमध्य ज्याच्या मागे गेला की विमान अस्थिर होतं तो बिंदू) त्यामुळे ३७ मिमी मागे जाईल, म्हणजे स्थिरता वाढेल. पण लांबवलेला भाग, त्याचं कापड-डोप (कापड ताणणारा लेप) आणि एलिव्हेटरच्या तोलाची वाढलेली वजनं मिळून २.५ किलो भरले, तर ५५० किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य त्याच दिशेने १८ मिमी सरकतो. जवळपास निम्मा फायदा वजनाने खाल्ला. गंमत म्हणजे तुमची आजची तक्रार, नाक जड असल्याची, ती त्या वजनानेच थोडी कमी होईल, आणि तुम्ही श्रेय मोठ्या शेपटीला द्याल.

बांधणीतला खरा प्रश्न टोकाला आहे. तार जिथे स्टॅबिलायझरला जोडली आहे त्याच्या बाहेरचा भाग गॅलरीच्या लादीसारखा अधांतरी असतो. आज तो ३५ सेंमी आहे, उद्या ५० होईल. सारखा भार धरला तर तारेच्या जोडापाशी येणारा वाक लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे (५०/३५)², दुपटीहून थोडा जास्तच. एलिव्हेटरचंही तेच. त्याची टॉर्क ट्यूब (पीळ घेणारी नळी) मध्यापासून टोकापर्यंत जेवढी लांब, टोक तेवढं जास्त पिळतं, आणि तेही वर्गाने. म्हणून लांबवायचंच असेल तर तारेचा जोड बाहेर सरकवा, एक बिजागरी बाहेर वाढवा आणि टॉर्क ट्यूब एक माप मोठ्या व्यासाची घ्या. भिंतीची जाडी वाढवण्यापेक्षा व्यास वाढवलेला बरा, कारण पिळाविरुद्धचा ताठपणा व्यासाने झपाट्याने वाढतो. डावा-उजवा एलिव्हेटर मधे एकाच ताठ नळीने जोडलेले असू द्या. दोन्ही अर्ध्यांना उलटसुलट हलायला मोकळीक मिळाली की फ्लटरला आणखी एक दार उघडतं.

लांबी नको तर रुंदी वाढवू, पुढची कड थोडी पुढे ओढू, असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. त्यासाठी बोनान्झाचा इतिहास माहीत असावा. बीचक्राफ्टच्या या व्ही-शेपटीच्या विमानात १९५१ च्या सी३५ मॉडेलपासून स्टॅबिलायझरची कॉर्ड वाढवली. पुढची कड पुढे गेली, पुढचा स्पार होता तिथेच राहिला. स्पारच्या पुढे लोंबणारा भाग वाढल्यामुळे मोठ्या भाराखाली शेपटी पिळली जायची शक्यता वाढली. हवेतच तुटण्याचे अपघात वर्षानुवर्षं होत राहिले, त्यावर खूप वाद झाले, वैमानिकांच्या चुकांकडेही बोट दाखवलं गेलं. अखेर १९८७ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने, एफएएने, पुढच्या कडेचं मूळ धरून ठेवणारे कफ बसवणं सक्तीचं केलं. मोठी कंपनी, तिचे अभियंते आणि चाचण्या हे सगळं असताना ही गत झाली. कॉर्ड वाढवायची असेल तर स्पारची जागा, बिजागऱ्यांची जागा आणि पीळ कोण घेतंय, हे पहिल्यापासून मांडावं लागतं. नुसत्या रिब (आकार देणाऱ्या आतल्या पट्ट्या) पुढे वाढवून भागत नाही.

आता तारा. तारा काढल्या की विमान नजरेला स्वच्छ दिसतं, थोडा ड्रॅगही (हवेचा विरोध) वाचतो. पण त्या तारांमुळेच तुमचा स्टॅबिलायझर एवढा पातळ आणि हलका राहू शकलाय. हिशेब करून बघू. अर्ध्या शेपटीवर १००० न्यूटन भार, त्याचा मध्य मुळापासून ०.६ मी. वर. तारा नसतील तर मुळाशी ६०० न्यूटन-मीटरचा वाक येतो. तुमच्या स्पारची नळी २२ मिमी व्यासाची, ०.९ मिमी भिंतीची. तिचा सेक्शन मॉड्युलस (वाकाला विरोध करण्याचं माप) साधारण ३०० घन मिमी. सगळा वाक एकट्या तिने घेतला तर ताण १९८५ मेगापास्कल. दोन स्पारांत निम्मा-निम्मा वाटला तरी ९९० च्या पुढे. नॉर्मलाइज्ड ४१३० स्टील साधारण ४८० मेगापास्कलला कायमचं वाकायला लागतं. हे अजून लिमिट भाराचं (उड्डाणात अपेक्षित असलेल्या सर्वांत मोठ्या भाराचं) झालं, त्यावर दीडपटीचा, न तुटता सोसायचा अल्टिमेट भार राहिलाच. एकाच स्पारवर हे सगळं बसवायचं तर ०.९ मिमी भिंतीची ५० मिमी व्यासाची नळी लागेल. ती मावायला स्टॅबिलायझरची जाडी वाढवायची, मुळाचे जोड नव्याने करायचे, आणि जिथे ते जोडले जातात त्या फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) नळ्यांनाही पुरवणी द्यायची. ही नवी शेपूट झाली, फेरफार नव्हे. शिवाय पुढच्या आणि मागच्या तारा मिळून स्टॅबिलायझरचा पीळही धरत होत्या, तो हिशेब वेगळाच. ड्रॅगच खटकत असेल तर गोल तारांऐवजी स्ट्रीमलाइन तारा लावा आणि त्यांचे जोड झाका.

शेपूट डावी-उजवीकडे हलते, त्यात फिनचा दोष असेलच असं नाही. रडरच्या (फिनमागच्या हलणाऱ्या भागाच्या) केबलचा ताण, बिजागऱ्यांतला प्ले, रडरची मागची कड गोल किंवा फुगीर झालेली असणं, टेलव्हीलच्या स्प्रिंगा असमान असणं, हे आधी बघा. पाय दोन्ही पेडलवर घट्ट ठेवून उडा. हलणं थांबलं, तर मोकळा रडर तरंगतोय, फिन पुरेसा आहे. फिन उंच केला तर त्यावरचा बाजूचा भार फ्युजलाजच्या अक्षापासून आणखी वर जातो आणि मागचा सांगाडा जास्त पिळतो. फ्युजलाजचा पीळ आणि रडरचं हलणं यांची गट्टी जमणं हा फ्लटरचा नेहमीचा मार्ग आहे. मोठ्या फिनने स्पायरल स्थिरताही घटते: ढगात किंवा रात्री, लक्ष नसताना विमान जास्त सहज एका पंखावर कलत जातं. डॉर्सल फिन (फिनच्या पुढे पाठीवर लावलेला बुटका फिन) पुष्कळ जण सुचवतील. फुगीर कॅनोपीसाठी (कॉकपिटवरच्या पारदर्शक छतासाठी) पाठ कापल्यानंतर दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१डी मस्टँग लढाऊ विमानाला तो लावावा लागला, हे खरं. पण त्याचा उपयोग मोठ्या साइडस्लिपमध्ये (विमान तिरपं, बाजूला घसरत उडताना), फिनवरचा हवेचा प्रवाह सुटून तो स्टॉल होऊ लागतो तेव्हा. क्रूझमधल्या एक-दोन अंशांच्या हलण्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

स्पिनबद्दल (विमान स्टॉल होऊन गरगरत खाली येण्याबद्दल) एकच सांगतो. स्टॅबिलायझरची जागा वरखाली केली, तर स्पिनमध्ये रडरचा किती भाग त्याच्या सावलीत जातो हे बदलतं. १९७० च्या दशकात नासाने ग्रुमन अमेरिकन एए-१ यांकीवर वेगवेगळ्या शेपट्या बसवून स्पिनच्या चाचण्या केल्या, तेव्हा एनएसीएच्या (नासाच्या आधीच्या संस्थेच्या) काळापासून वापरात असलेला शेपटीच्या भूमितीवरचा सोपा निकष हलक्या विमानांना भरवशाचा नाही असं दिसलं. तेव्हा शेपूट बदललेल्या विमानाला आधीचा स्पिनचा अनुभव लागू नाही. कॉकपिटमधल्या फलकावर 'स्पिन मनाई' लिहा.

आता तोल, जिथे मी सगळ्यात जास्त वेळ देतो. एलिव्हेटर काढा, बिजागरीच्या रेषेवर दोन सुरीधारांवर ठेवा, पातळी लावा. मागची कड खाली जात असेल तर तो मागे जड. समजा वजन ३.२ किलो आणि त्याचा मध्य बिजागरीच्या ९० मिमी मागे: २८८ किलो-मिमी. पुढे १५० मिमीवर तोलाचं वजन ठेवलं तर १.९ किलो लागतं, २४० मिमीवर ठेवलं तर १.२ किलो. लांब दांडीचा मोह होतो, पण दांडीच लवचीक निघाली तर सुरीधारेवर तोल अचूक दिसतो आणि हवेत वजन एकीकडे, एलिव्हेटर दुसरीकडे हलतात. तेच वजन मुळाशी ठेवून टोक पिळू दिलं तरी उपयोग अर्धाच. तोलाच्या वजनाचे आधार पृष्ठभागाला लंब दिशेत २४ जी (स्वतःच्या वजनाच्या २४ पट भार) आणि बाकी दोन दिशांत १२ जी सोसतील असे हवेत, प्रमाणित हलक्या विमानांच्या नियमांतला हा जुना आकडा आहे. १.२ किलोसाठी २४ जी म्हणजे सुमारे २८० न्यूटन. दोन पॉप रिव्हेटवर टांगलेलं शिसं इथे चालत नाही.

तोल रंगानंतर करायचा. मागच्या कडेजवळ, बिजागरीपासून ३०० मिमीवर ३० ग्रॅमचं ठिगळ लागलं, तर पुढे १५० मिमीवर ६० ग्रॅम वाढवावे लागतात. रंगाचा एक जादा हात सहज याहून जास्त भरतो. मागच्या कडेला पाणी निथळायची छिद्रं उघडी आहेत ना, तेही बघा. साचलेलं पाणी तोलाच्या कागदावर दिसत नाही.

मोठ्या ट्रिम टॅबला मी का नाही म्हणतो, ते १६ सप्टेंबर २०११ च्या, अमेरिकेतल्या रेनो एअर रेसमधल्या अपघातात दिसतं. भरपूर फेरफार केलेल्या पी-५१डी मस्टँगची उजव्या एलिव्हेटरची ट्रिम टॅब पक्की करून टाकली होती, काम सगळं डावीवर. डाव्या टॅबच्या लॉकनटांचे आतले भाग झिजून स्क्रू सैल झाले होते. शर्यतीच्या वेगाला टॅब फ्लटर झाली, विमान झटक्यात वर उसळलं, आणि वैमानिकासह अकरा जण गेले. फेरफारांची नोंद आणि चाचणी नसणं यावर अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, एनटीएसबीने, बोट ठेवलं. तुमचा वेग त्याच्या आसपासही नाही, पण टॅब लहान, मागच्या टोकाला आणि सगळ्यात पातळ धाग्याने बांधलेली, हे दोन्हीकडे सारखंच. आहे त्या दोन टॅबमधला प्ले शून्याजवळ आणा आणि प्रत्येक तपासणीत हाताने हलवून बघा.

भाराची चाचणी: स्टॅबिलायझर लांबवलात तर वाळूची पोती लिमिट भारापर्यंत टप्प्याटप्प्याने ठेवा, टोकाचं झुकणं प्रत्येक टप्प्यावर लिहा, उतरवल्यावर टोक मूळ जागी आलं पाहिजे. भार लावलेला असतानाच एलिव्हेटर वरपासून खालपर्यंत मोकळा फिरतो का ते पाहा. बिजागऱ्या एका रेषेतून हटल्या तर इथेच कळतं. एकदा असमान भारही द्या: एका बाजूला पूर्ण, दुसऱ्या बाजूला सुमारे ७० टक्के. मागच्या फ्युजलाजचा पीळ त्यात दिसतो.

मग उड्डाण. नियामकाला कळवणं, नवं वजन-तोल पत्रक, लॉगबुकातली नोंद हे आधी उरका. एकटे उडा, पॅराशूट घाला, उंची भरपूर ठेवा, हवा शांत असेल तो दिवस निवडा. वेग ताशी १० किमीच्या टप्प्याने वाढवा. प्रत्येक टप्प्यावर स्टिकला एक हलका टोला, पेडलला एक, आणि हलणं किती लवकर मरतं ते बघा. मागच्या टप्प्यापेक्षा उशिरा मरत असेल तर त्या दिवशीचं काम तिथेच संपलं. स्टिकमध्ये झणझण आली तर पॉवर काढा, नाक हळू वर घ्या, वेग उतरवा, झटका देऊ नका. एक लक्षात ठेवा, फ्लटरचा संबंध खऱ्या वेगाशी जास्त आहे: ३६०० मीटरवर दर्शक वेग (कॉकपिटमधल्या काट्यावरचा) ताशी २१० किमी असेल तेव्हा खरा वेग २५० च्या आसपास असतो. फलकावरचा कमाल वेग, तुम्ही प्रत्यक्ष सुखरूप गाठलेल्या वेगाच्या ९० टक्के ठेवतात. आजचा २१० चा फलक तसाच ठेवायचा तर नव्या शेपटीने २३३ गाठून दाखवावे लागतील. २०० ला थांबलात तर १८० चा नवा फलक चिकटवा.